बोलायला दम नसतो तेव्हा...

हॉस्पिटलात कुणाला भेटायला जाताना आपण काय काय नेतो? शहाळं नेतो, मोसंबी नेतो, थर्मासमधून पेज नेतो. आणि कॉटपाशी पोचल्या पोचल्या न चुकता एक प्रश्न विचारतो, "काय, कसं वाटतंय आता?" विचारण्यात माया असते, यात शंकाच नाही. पण ज्या माणसाला फुप्फुसांचा जुनाट विकार आहे, त्याच्या दृष्टीनं याच्याइतका महागडा प्रश्न दुसरा नाही. उत्तराला निदान पाच-सात शब्द लागतात, आणि त्याच्याजवळ एका श्वासात दोन शब्दांपुरतीच हवा असते!

मला हे उमगलं ते सासूबाईंच्या आजारपणात. गेल्या चार वर्षांत थंडीच्या दिवसांत त्यांना तीनदा ॲडमिट करावं लागलं. पहिल्या खेपेला मी कॉटशेजारच्या स्टुलावर बसून भेटायच्या वेळेत येणारी माणसं मोजली. एका तासात अकरा. नणंदबाई आल्या, वाड्यातले जुने शेजारी आले, माझ्या भिशीतल्या दोघी आल्या, ह्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ आले. पुण्यात आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे एक कर्तव्यच ना! अकराही जणांनी तोच प्रश्न विचारला. सासूबाईंनी नऊ जणांना उत्तर दिलं, शेवटच्या दोघांना पाहून नुसते डोळे मिटले. रात्री पाळीवर आलेल्या सिस्टरनी मला विचारलं, "आजी आज एवढ्या दमल्या कशानं हो?"

काय सांगणार होते मी?

डॉक्टर या दुखण्याला 'सीओपीडी' म्हणतात. घरी आपण 'जुना दमा' म्हणून मोकळ्या होतो, पण दोन्ही एक नव्हेत. दम्यात श्वासाच्या नळ्या आवळतात आणि औषधानं बऱ्याचशा पुन्हा मोकळ्या होतात. या विकारात त्या कायमच्याच अरुंद झालेल्या असतात. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, आतच अडकून राहते. त्यामुळे खरा त्रास श्वास घेण्यापेक्षा सोडण्याचा असतो. आणि गंमत पाहा, आपण बोलतो ते श्वास सोडतानाच. म्हणजे ज्या कामाला आधीच हवा पुरत नाही, त्यातूनच बोलण्याचा वाटा काढायचा. म्हणून तर डॉक्टर रोगी पूर्ण वाक्य बोलतो का, की शब्दाशब्दाला थांबतो, यावरूनही दम किती आहे ते ओळखतात. जुन्या पुणेकरांना छातीचा रोग म्हटलं की क्षयच आठवतो, म्हणून हेही सांगून टाकते, की हा विकार संसर्गजन्य नाही. जवळ बसायला, हात हातात घ्यायला कुणी भिऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३५ लाख माणसं या विकारानं गेली. आपल्या ओळखीत एखादं तरी घर असं निघतंच.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, विडी, तंबाखू, मिश्री?" त्यांनी मान हलवली, नाही. ह्यांनाही तो प्रश्न जरा लागला. आपल्या आईला विडीचं विचारतात! पण माझ्याही तोंडून त्या वेळी एक गोष्ट निघाली नाही, ती म्हणजे चूल. मुळशी खोऱ्यातलं त्यांचं माहेर, नवव्या-दहाव्या वर्षापासून त्या चुलीपुढे. लग्नानंतर नारायण पेठेतल्या वाड्यातही बरीच वर्षं चूल आणि रॉकेलचा स्टोव्ह, आणि गॅस आल्यावरसुद्धा अंघोळीच्या पाण्याचा बंब लाकडावरच. खोलीला धुराडं नाही, खिडकी एकच. विडी ओढली नाही खरी, पण धूर चाळीस वर्षं गिळला.

चुलीच्या धुराकडे जगाचं लक्ष वेधलं त्यात पुण्याचाही वाटा आहे. त्या वेळी इथल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिलं, की या विकाराच्या रोग्यांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेलं नसतं. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूडफाटा, शेणी यांच्या धुरात राहणारे जवळजवळ ३०० कोटी, असा त्यांचा हिशोब होता. तेव्हा तुमच्या सासूबाई, आई, मामी यांना धाप लागत असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. चूल किती वर्षं, कुठल्या खोलीत, बंब होता का, हे तुम्हीच सांगा. त्यांना स्वतःला ते सांगण्यासारखं वाटत नाही, आणि दम लागलेला असताना एवढी कहाणी सांगणार तरी कशी?

आता बोलण्याबद्दल. आम्ही चुकतमाकत जे शिकलो ते सांगते.

पहिली गोष्ट, प्रश्न असा विचारायचा की उत्तर एका बोटात यावं. "कसं वाटतंय?" ऐवजी "कालच्यापेक्षा बरं आहे का?" "काय हवंय?" ऐवजी "पाणी हवं?" मग थांबायचं. "उशी उंच करू?" पुन्हा थांबायचं. थांबणं फार महत्त्वाचं, बरं का. आपण उत्तराची वाट न पाहता तीन प्रश्न एकदम टाकतो आणि मग आलेलं 'हो' कुठल्या प्रश्नाचं ते कळत नाही. मान हलवायला लावू नये, कारण बायपॅपचा मास्क लावलेला असला तर मान हलली की तो सरकतो, हवा डोळ्यांत जाते आणि यंत्र शिट्या मारायला लागतं. आमचा करार होता: माझा हात एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही.

हा मास्क म्हणजे तोंडानाकावर घट्ट बसवतात तो. यंत्र त्यातून हवा आत ढकलतं. तो लावलेल्या माणसाचं बोलणं बाहेर ऐकू येत नाही आणि यंत्राच्या घरघरीत आपलं बोलणं त्याला ऐकू जात नाही. त्यातून आपण काय करतो? ॲडमिट करताना चष्मा, कवळी, कानाचं यंत्र हरवेल म्हणून रुमालात बांधून घरी घेऊन येतो! आमच्याकडे अगदी हेच झालं. दोन दिवस सासूबाई कुणाकडे नीट पाहीनात, म्हणून सगळे म्हणाले, भ्रम झाला. तिसऱ्या दिवशी मी चष्मा नेला तेव्हा त्यांनी पहिली खूण केली ती घड्याळाकडे बोट दाखवून. दोन दिवस किती वाजले तेच त्यांना कळलेलं नव्हतं. चष्मा आणि कानाचं यंत्र कॉटपाशीच ठेवा. कवळी मास्कखाली ठेवायची की काढायची ते मात्र सिस्टरना विचारा.

लिहून सांगायला कागदापेक्षा पाटी बरी. निजून लिहिताना कागद दुमडतो, बॉलपेन उलटं धरलं की चालत नाही. ज्यांना लिहिण्याची सवय नाही त्यांच्यासाठी चित्रं काढावीत. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेननं पेला, उशी, पंखा, पांघरूण, लघवीचं भांडं आणि थुंकीचं भांडं काढलं. चित्रकला माझी बेताचीच. लघवीचं भांडं हुबेहूब कढईसारखं झालं होतं, त्यावर सासूबाई मास्कच्या आतून हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून वॉर्डातल्या मावशीही त्यावर बोट ठेवून विचारायला लागल्या. मावशींना मात्र आवर्जून समजावून सांगा. रात्री दोन वाजता रोग्यापाशी डॉक्टर नसतात, तुम्हीही नसाल, मावशीच असतात.

धाप किती आहे हे सांगणं आणखी कठीण. डॉक्टर विचारत, "दहापैकी किती त्रास?" सासूबाई नुसत्या बघत राहत. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला दहापैकी मार्क कुठून सुचणार? मग एकदा मी सहज म्हटलं, "आई, रुपयात किती आणे दम आहे?" त्यांनी ताबडतोब तीन बोटं वर केली. बारा आणे! आणे बंद होऊन किती वर्षं लोटली, पण त्यांच्या मनातलं माप तेच. एक बोट म्हणजे पावली, चार बोटं म्हणजे पुरा रुपया. तिथले तरुण डॉक्टर मोठे गुणी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हसत विचारलं, "आजी, आज किती आणे?" आठ आणे दम असला की पायी संडासला जायला हरकत नसे, बारा आणे असला की भांडंच. आणि चार बोटं वर झाली की धावत सिस्टरकडे जायचं, हे आम्ही सगळ्यांनी पाठ केलं होतं.

धाप वाढली की आपण म्हणतो, "घाबरू नका, घाबरू नका." कुणी असं म्हणून घाबरायचं थांबलंय का कधी? श्वास मिळत नसताना माणूस घाबरणारच, आणि घाबरलं की श्वास आणखी उथळ होतो. त्यापेक्षा उभं राहून वरून बोलू नका, स्टूल ओढून त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसा आणि तुम्ही स्वतः सावकाश श्वास सोडायला लागा. पुढे वाकून उशीवर हात टेकवून बसवलं तर बरं वाटतं. चेहऱ्यावर, नाकाशी गार वारा घातला तर धापेची जाणीव कमी होते, हे आता वैद्यकीय पाहण्यांतूनही दिसलं आहे. आपल्या आज्या विंझणवारा घालत तो काही उगीच नाही. फिजिओथेरपीच्या बाई शिकवत होत्या, ओठांचा चंबू करून हळूहळू लांब श्वास सोडा, बासरी वाजवल्यासारखा. बासरी सासूबाईंनी जन्मात हातात धरली नव्हती. मी म्हटलं, "आई, फुंकणी. चूल फुंकताना कशी हळू, लांब फुंक मारता, तशी." पहिल्याच फुंकेला जमलं. ज्या फुंकणीनं त्यांची ही गत केली, तिचाच असा उपयोग व्हावा, याचं मला तेव्हा हसू आलं आणि वाईटही वाटलं.

आता एक गोष्ट जरा थांबून वाचा, कारण ती न कळल्यामुळे आमच्या घरात मोठा घोळ होता होता राहिला. २०२० साली कोविड आला तेव्हा घराघरात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं, आणि ९४ च्या खाली आकडा गेला की धावाधाव करायची, हे आपण सगळ्यांनी शिकून घेतलं. सासूबाईंच्या बोटावर ९० दिसलं तसे आमचे हे सिस्टरच्या मागे लागले, "ऑक्सिजन वाढवा, ऑक्सिजन वाढवा." सिस्टर नको म्हणत होत्या. शेवटी ह्यांनी स्वतःच त्या नळीच्या चावीकडे हात नेला! डॉक्टर आले म्हणून बरं. त्यांनी समजावलं, की या विकाराच्या पुष्कळशा रोग्यांना ८८ ते ९२ एवढाच आकडा ठेवायचा असतो. प्राणवायू भसाभस दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेत याचा पडताळा घेतला गेला, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. भरपूर प्राणवायू दिलेल्या अशा रोग्यांपेक्षा मोजून मापून दिलेल्यांत मृत्यू कितीतरी कमी झाले. तेव्हा पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, "यांच्यासाठी आकडा किती ते किती?" आणि तो मोठ्या अक्षरात पाटीवर लिहून ठेवा, म्हणजे पाळीपाळीनं बसणाऱ्या घरच्या प्रत्येकाला दिसेल.

याचीच दुसरी बाजू म्हणजे झोप. दोन दिवस तळमळणारा माणूस एकाएकी गाढ झोपला की आपल्याला हायसं वाटतं. दिवे घालवतो, "झोपू दे बिचारीला" म्हणतो. पण हाक मारूनही धड जाग येत नसेल, बोलणं जड, असंबद्ध वाटत असेल, कालपर्यंत बरोबर होणारी हाताची खूण आज चुकत असेल, तर ती झोप नव्हे. कार्बन डायऑक्साइड साठल्याचं ते लक्षण असू शकतं. लगेच सिस्टरना उठवा, संकोच करू नका. रोज बोलणाऱ्यालाच असा फरक आधी कळतो.

डॉक्टरांचा राउंड म्हणजे दोन मिनिटांचं काम. पाच-सहा जण कॉटभोवती उभे राहतात, इंग्रजीत बोलतात, निघून जातात. रोगी टकमक पाहत राहतो आणि मग मला खुणेनं विचारतो, "काय म्हणाले?" चिडून उपयोग नाही, त्यांच्या मागे साठ खाटा असतात. आदल्या रात्रीच तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत, तीनच. आणि न घाबरता म्हणावं, "डॉक्टर, एवढं आईंनाच मराठीत सांगता का?" सहसा कुणी नाही म्हणत नाही. जमलं तर स्टूल पुढे सरकवावं. अमेरिकेत कॅन्सास विद्यापीठाच्या रुग्णालयात याची पाहणी झाली होती, २०१२ साली ती छापून आली. डॉक्टर रोग्याजवळ बसून जेमतेम एक मिनिट बोलले, तरी रोग्यांना वाटलं, पाच मिनिटं बसले होते. उभ्याउभ्या दीड मिनिट बोलले, ते मात्र रोग्यांना कमीच वाटलं.

आणि कॉटपाशी कुजबुजू नये. बिलाबद्दल, "आता कितीसं राहिलंय" याबद्दल आपण बिनदिक्कत बोलतो. रोगी बोलत नाही, पण ऐकत असतो!

घरी सोडताना पंपाचं औषध समजावतात. "कळलं ना आजी?" "हो." पहिल्या खेपेला असं तीनदा 'हो' झालं. घरी आल्यावर पाहिलं तर सासूबाई पंप दाबत होत्या आणि त्याच क्षणी श्वास बाहेर सोडत होत्या. सगळं औषध हवेत! तेव्हापासून आम्ही 'कळलं का' हा शब्दच टाकला. "मला करून दाखवा," असं म्हणायचं. प्लॅस्टिकचा नळकांड्यासारखा स्पेसर लावला की वृद्धांना ते सोपं जातं. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर खळखळून चूळ भरायची. पंपाची सवय लागते म्हणून तो मध्येच बंद करणाऱ्या शेजारणी सगळ्यांनाच असतात. त्यांना चहा द्यावा आणि पंप चालू ठेवावा.

एक बोलणं मात्र कॉटपाशी करूच नये, ते घरीच, श्वास असताना करावं. दुसऱ्या खेपेला रात्री दीड वाजता डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बोलावून विचारलं, "मास्कनं भागलं नाही तर घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवायचं का? दहा मिनिटांत सांगा." ह्यांना काही सुचेना. आईला विचारावं तर तिच्या तोंडावर मास्क. भावांना फोन लावले, तिघांची तीन मतं. सुदैवानं पहाटेपर्यंत मास्कनंच भागलं. पण त्या रात्री ह्यांचा चेहरा मी पाहिला आहे.

पुढच्या उन्हाळ्यात, दम पावलीवर असताना, एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. मी भीत भीत विषय काढला. मला वाटलं, आई रागावतील, म्हणतील, माझ्या मरणाची वाट बघता का? तसं काहीच झालं नाही. त्या खडे वेचत वेचत, मध्ये थांबत म्हणाल्या, "मी केव्हाची वाट बघत होते, कुणी विचारतंय का म्हणून." मास्क कितीही दिवस चालेल, असं त्यांनी सांगितलं. नळीही एकदा चालेल, सुटायची आशा असली तर. पण सुटत नाही असं डॉक्टर म्हणाले, तर पुन्हा पुन्हा नको. आणि हे मी सांगितलंय असं लिहून ठेव, माझ्या पोरावर टाकू नका.

असं लिहून ठेवायला कायद्याची वाटही आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशा इच्छापत्राला मान्यता दिली. पण सुरुवातीची पद्धत फार किचकट होती, ती जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येतं. आपल्या वतीनं कोण बोलणार ते त्यात लिहायचं. नळी काढणं-न काढणं पुढे डॉक्टरांची मंडळं ठरवतात, पण रोग्याचं मत त्यांच्यापुढे असतं. आमचे हे आधी या कागदाच्या विरोधात होते. मग एक दिवस स्वतःच नोटरीची वेळ ठरवून आले.

दिवाळी झाली, हवा गार पडायला लागली, फटाक्यांचा धूर कोंडला, की आम्ही दाराशी एक पिशवी भरून ठेवतो. तीत जुने केसपेपर, औषधांची यादी, पाटी, चित्रांचा कागद, विंझणा, आणि त्या इच्छापत्राची एक प्रत. त्याबरोबर मी एक साधं पानही ठेवते, भेटायला येणाऱ्यांसाठी. यंदा ते वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईंनी खाली आणखी एक ओळ घालायला लावली: "गप्पा तुम्ही आपसात मारा, मी ऐकते आहे."